हंस कोणत्या जिल्ह्याचा?

खंडाळा म्हटलं की लोकांना बोरघाट, चिक्की आणि आमिर खान आठवतो. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे खंबाटकीचा घाट आहे, शिरवळचे कारखाने आहेत, लोणंदचा कांदा आहे, सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आहे आणि उत्तरेच्या शिवेवर नीरेला अडवून बांधलेल्या वीर धरणाचं पसरट पाणी आहे. थंडीत या पाण्यावर पक्षी येतात आणि पक्ष्यांमागोमाग पुण्याहून माणसं येतात. पक्षी मध्य आशियातून निघून नेमके पोचतात. माणसं चुकतात. पुण्याहून दोन्ही खंडाळे साधारण सारख्याच अंतरावर, फक्त दिशा उलट्या. त्यामुळे 'रविवारी सकाळी खंडाळा' एवढाच निरोप धाडला की गटातला एकजण तरी नागफणीच्या सुळक्याखाली उभा राहून 'मी पोचलोय, धुकं फार आहे, तुम्ही कोणी दिसत नाही' असा फोन करतो. जानेवारीच्या त्या पहिल्या रविवारी हा मान बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना मिळाला. आता आलोच आहे तर इथलेच पक्षी बघतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मग दर पंधरा मिनिटांनी करायला सुरुवात केली.

बाकीचे आम्ही शिरवळला चहाच्या टपरीवर जमलो. पक्षीनिरीक्षकाचा पोशाख हा एक स्वतंत्र विषय आहे. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून तो झाडोऱ्याच्या ठिपक्यांचे लष्करी कपडे घालतो, त्यावर तशीच टोपी चढवतो आणि मग पांढऱ्याशुभ्र मोटारीतून धुरळा उडवत थेट पाण्यापर्यंत जातो. टपरीवाल्याने आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "काय गडबड हाय का पलीकडं?" पक्षी बघायला आलोय म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. एवढ्या सरंजामानिशी आलेली माणसं निदान बिबट्यासाठी तरी आली असतील, अशी त्याची समजूत होती.

गटाचे प्रमुख म्हणजे सर. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते दुर्बीण डोळ्याला क्वचितच लावतात. आभाळात ठिपका सरकला की कप खाली न ठेवता 'कापशी' म्हणतात आणि पुढचा घोट घेतात. त्यांच्या खालोखाल मान लेन्सवाल्यांचा. त्यांची सहाशे मिलिमीटरची लेन्स मागच्या सीटवर पट्टा बांधून तान्ह्या बाळासारखी येते. तिच्याशेजारी वहिनी अंग चोरून, मांडीवर डबे घेऊन बसतात. यादीवाल्या ताई पक्षी बघत नाहीत, नोंदवतात. त्यांच्या फोनमध्ये आयुष्याची यादी, राज्याची यादी, जिल्ह्याजिल्ह्यांच्या याद्या आणि यंदाची यादी अशी चळत आहे, आणि यातल्या एकीत तरी भर पडल्याशिवाय त्यांना नाश्ता जात नाही. शिवाय लोणंदचे गुरुजी. ते सातारा जिल्ह्यातर्फे आमच्या स्वागताला येतात असं ते सांगतात. खरं म्हणजे ते पहाऱ्याला येतात. 'पुण्याजवळचं वीर धरण' हे शब्द वाचून त्यांचं रक्त अनेकदा उकळलेलं आहे.

अशा सहलीत पहिला अर्धा तास सगळे समान असतात. तारेवरचा वेडा राघू, कोतवाल, बांधावरची टिटवी, सगळ्यांचं कौतुक होतं. पण सूर्य कासराभर वर आला की जातिव्यवस्था सुरू होते. साळुंकीकडे तर कोणी ढुंकूनही बघत नाही. नवीन आलेल्या मुलीने "अय्या, किती गोड!" म्हणून राखी बगळ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती बगळ्याच्या वाट्याला कधी आलेली नाही. तो चांगला कमरेएवढा उंच, मान वाकवून भूमितीतला आकार झाल्यासारखा उभा असतो. पण तो रोज दिसतो, हा त्याचा गुन्हा. पक्ष्याची किंमत तो कसा आहे यावर ठरत नाही. शेजारच्या गटाने तो अजून पाहिलेला नाही, यावर ठरते.

हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरत जातं तशी काठाची ओली जमीन उघडी पडते, तिच्यावर कोवळं गवत येतं आणि त्या गवतावर पट्टकादंब चरायला उतरतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, अंग राखी, चाल सावकाश. हे लोक उन्हाळ्यात लडाख, तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवतात आणि थंडीत हिमालय ओलांडून इकडे येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून पाहिलं, तेव्हा त्यातले काही सात हजार मीटरपेक्षा उंचावरून उडाल्याचं दिसलं. त्या उंचीवर आपल्याला धड उभंही राहता येणार नाही. एवढा पराक्रम करून आलेला पक्षी शिरवळच्या अलीकडे एखाद्याच्या हरभऱ्यात शिरला की शेतकरी त्याला "हाऽऽड" म्हणतो.

त्या दिवशी असा पन्नास-साठांचा थवा समोरच्या गवतावर होता. सर थवा बघता बघता बोलायचे थांबले. सर बोलायचे थांबले की समजावं, काहीतरी आहे. सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम वर गेल्या.

"कुठे सर?"

"ती म्हैस दिसते?"

"दिसली."

"तिच्या शिंगांच्या रेषेत उजवीकडे, दुसरा उंचवटा. त्याच्या मागे पाठमोरा."

यानंतरची पाच मिनिटं फार कठीण गेली. कारण म्हैस ही काही भूमापन खात्याने रोवलेली खूण नव्हे. ती चालू लागली. तिच्या शिंगांची रेषा पाण्यावरून फिरत फिरत ताईंच्या अंगावर आली. लेन्सवाले दुसऱ्याच म्हशीच्या उजवीकडे बघत होते आणि तिथे त्यांना एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली, तिचे त्यांनी सवयीने चाळीसेक फोटो काढले. "दिसला, दिसला," असं म्हणणाऱ्यांची संख्या वाढत गेली. यातल्या किती जणांना खरोखर दिसला होता हे विचारायचं नसतं. सगळ्यांना दिसलेला असताना आपल्याला दिसत नाही, हे फार वेळ कबूल करता येत नाही, त्यामुळे दिसतोच.

मग सर हळू आवाजात म्हणाले, "ग्रेलॅग."

ग्रेलॅग गूज म्हणजे कलहंस. पट्टकादंबापेक्षा थोराड, डोक्यावर पट्टे नाहीत, चोच आणि पाय गुलाबी. हिवाळ्यात उत्तर भारतातल्या पाणवठ्यांवर हा थव्यांनी असतो, पण इतक्या दक्षिणेला, नीरेच्या काठी, त्याचं काय काम? ताईंचा हात थरथरला. लेन्सवाल्यांनी गुडघे टेकले, मग पोट टेकलं आणि शेणाच्या पोवांवरून सरपटत पुढे गेले. दुर्मिळ पक्ष्याचा जो पहिला फोटो निघतो त्याला 'रेकॉर्ड शॉट' म्हणतात. एरवी जो फोटो आपण कोणाच्या दृष्टीस पडायच्या आत पुसून टाकला असता, तो रेकॉर्ड शॉट. लेन्सवाल्यांच्या रेकॉर्ड शॉटमध्ये एका पट्टकादंबाचा पार्श्वभाग स्पष्ट आला होता आणि त्याच्या मागून एक गुलाबी टोक बाहेर डोकावत होतं. ते चोचीचं होतं यावर एकमत झालं.

आनंद असा शिगेला पोचलेला असताना म्हशीवाला आला. आमच्या दुर्बिणींची रांग जिकडे रोखलेली होती तिकडे त्याने साध्या डोळ्यांनी बघितलं.

"ते व्हय? ते फार्महाऊसवरचं बदाक हाय."

काठावर एकदम शांतता पसरली. या शांततेला शास्त्रीय कारण होतं. जगातले पुष्कळसे पाळीव हंस या ग्रेलॅगचेच वंशज आहेत. युरोपात हजारो वर्षांपूर्वी माणसाने याला दाणे टाकले आणि तो राहिला. कोनराड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने याचाच अभ्यास केला: अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला जे हलतं काही पहिल्यांदा दिसेल, त्याच्यामागे ते आई समजून चालू लागतं. काही पिल्लांना पहिल्यांदा लोरेन्झच दिसला, ती त्याच्यामागे चालली. त्याला 1973 मध्ये नोबेल मिळालं. (आमच्या गटाने सरांच्या मागे ज्या श्रद्धेने चालायला सुरुवात केली, तिच्यावर अजून कोणी संशोधन केलेलं नाही.) आणि शिरवळ-भोर भागात पाण्याकाठी फार्महाऊसं उगवल्यापासून प्रत्येक फाटकाच्या आत पाच-सात हंस असतातच. राखण करतात, साप येत नाहीत, असं मालक सांगतात. त्यातला एखादा राखाडी निघाला आणि कुंपणावरून पाण्यावर आला, तर तो मंगोलियाहून आला की बंगल्याच्या मागून, हे कसं ठरवायचं?

सरांनी मुद्दे काढले. पाळीव हंस मागून जड असतो, पोट जमिनीला टेकतं, अंगावर कुठेतरी पांढरा डाग असतो. हा सडपातळ आहे. म्हशीवाला म्हणाला, "त्याला धड खायाला घालत न्हाईत वं, मग हुयाचाच की सडपातळ." सर म्हणाले, पाळीव हंस फार उडू शकत नाही. म्हशीवाला म्हणाला, "उडतंय की. रोज उडतंय." ताईंनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या अॅपवर शोधलं तर तिथे पाळीव ग्रेलॅगच्या नोंदीसाठी वेगळी ओळच होती. म्हणजे ही पंचाईत जगात आधीच इतक्यांची झाली होती, की त्यांनी फॉर्ममध्येच सोय करून ठेवली होती.

"सर म्हणतात म्हणजे तसंच असणार," वहिनी म्हणाल्या. यावर गटातला एक इंजिनियर मुलगा म्हणाला, "सॉरी, पण हल्ली नुसत्या शब्दावर चालत नाही. पुरावा लागतो." 'हल्ली' म्हणाला, तिथे तो चुकला. पुराव्याचा घोळ पक्षीनिरीक्षणात जुनाच आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा घोळ आपल्या खानदेशाच्या पदरात पडलेला आहे.

वन पिंगळा नावाचं एक वीतभर उंचीचं घुबड आहे. 1873 मध्ये ह्यूम नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मारून जमवले. तेव्हा पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे पक्षीच. मारून, पेंढा भरून, पायाला चिठ्ठी बांधून ठेवायचा. 1884 नंतर वन पिंगळा कोणालाच दिसला नाही. साऱ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने उरले. त्यातल्या एकावरची चिठ्ठी मात्र सांगत होती, की तो 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला. तो दिला होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी. कर्नल म्हणजे मोठं प्रस्थ. 1937 मध्ये ते सलीम अलींना घेऊन अफगाणिस्तानात पक्षी जमवायला गेले होते, आणि पक्षी जमवण्याखेरीज हा माणूस कशाच्या कामाचा नाही, अशा अर्थाचं त्यांच्याबद्दल डायरीत लिहून मोकळे झाले होते. सलीम अलींनी पुढे ते मजेत आपल्या आत्मचरित्रात छापलं.

या कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून जुने नमुने पळवले, पुन्हा नीटनेटके केले आणि त्यांच्या पायाला स्वतःच्या हस्ताक्षरात नव्या चिठ्ठ्या बांधून, नवं गाव नवी तारीख घालून, आपला संग्रह म्हणून परत संग्रहालयालाच दिले, हे त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी उघडकीला आलं. मांडवीचा पिंगळा हा डेव्हिडसनचा खानदेशी पिंगळाच निघाला. हे शोधून काढणाऱ्या पामेला रॅसमुसेन या अमेरिकन बाई मग खोटं गाव वगळून खऱ्या गावांच्या यादीने निघाल्या. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट सोबत होते. पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या, तिथे काही नाही. मग शहाद्याजवळ आले आणि 1997 च्या नोव्हेंबरात, दिवसाढवळ्या, निष्पर्ण फांदीवर वन पिंगळा बसलेला. 113 वर्षांनी! हे घुबड दिवसा हिंडतं, झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतं, लपत नाही की छपत नाही. नंतर ते मेळघाटात सापडलं, मुंबईजवळ तानसाच्या जंगलातही सापडलं. 2018 मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये बढती मिळाली. शहाद्याकडच्या एखाद्या म्हशीवाल्याला त्या शंभर वर्षांत कोणी विचारलं असतं, तर तो काय म्हणाला असता, असा विचार मला आमच्या म्हशीवाल्याकडे बघून आला.

हे सगळं मी इंजिनियर मुलाला सांगत होतो तेवढ्यात ताई ओरडल्या. थवा उठला होता. आणि पट्टकादंबांच्या तिरप्या रांगेच्या शेवटी, थोडा जड, थोडा मागे, पण पंख मारत, आमचाही चालला होता. तो पाण्यावरून गेला, बारीक होत गेला आणि पलीकडच्या काठावर उतरला.

"उडाला!" सर म्हणाले.

"पुण्यात गेला!" लेन्सवाले म्हणाले.

आता इथे भूगोल सांगायला हवा. नीरा ही पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची शीव. माउलींची पालखी नीरा ओलांडते तेव्हा पादुकांना स्नान होतं, अलीकडचे अधिकारी हात जोडून निरोप देतात आणि पलीकडचे हात जोडून स्वागत करतात. हंसाने उलट्या दिशेने शीव ओलांडली तेव्हा हात जोडण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं. पुण्याच्या मंडळींच्या डोळ्यांत निराळीच चमक आली. सातारा जिल्ह्याच्या यादीत त्यांना फारसं स्वारस्य नव्हतं. पण पुणे जिल्ह्याच्या यादीत ग्रेलॅग म्हणजे काय ते फक्त ताईच सांगू शकतील.

"तो आधी आमच्यात दिसला," गुरुजी ठामपणे म्हणाले.

"दिसला असेल, पण आत्ता आहे कुठे?"

ईबर्डचा साधा नियम असा, की नोंद पक्षी कुठे होता यावर नसते, बघणारा कुठे उभा होता यावर असते. म्हणजे हंस पुण्यात गेला तरी साताऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला तो साताऱ्यातच लिहावा लागतो. ताईंनी हे वाचून दाखवल्याबरोबर गुरुजींनी हाताची घडी घातली आणि पुण्याच्या दोन मोटारी सुरू झाल्या. महामार्गाने मागे, नीरेचा पूल ओलांडून पलीकडे, मग कच्च्या रस्त्याने पाण्यापर्यंत. मी गुरुजींबरोबर अलीकडेच थांबलो. त्यांच्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती, शिवाय मला कुठल्याच जिल्ह्याची यादी नाही. मधल्या वेळात बोरघाटातल्या काकांचा फोन आला. "काळा-पांढरा, शेपटी वर करतो, आवाज गोड. दुर्मिळ काय?" दयाळ आहे, असं सांगितल्यावर ते जरा हिरमुसले; मग म्हणाले, "पण इथे आणखी कोणी नाहीये. मी एकट्यानेच पाहिला."

तासाभराने पलीकडच्या काठावर धुरळा दिसला. धुरळ्यातून दोन मोटारी निघाल्या, मोटारींतून ठिपक्यांचे कपडे निघाले आणि ते सगळे वाकून, पक्ष्यांना दिसणार नाही अशा बेताने, उघड्या माळावरून पुढे येऊ लागले. थव्याने माना वर केल्या. थवा उठला. शेवटी तो जड पक्षीही उठला, आणि सगळे मिळून पुन्हा आमच्या बाजूला, आम्ही बसलो होतो तिथून पाऊणशे पावलांवर, येऊन चरू लागले. गुरुजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पलीकडे हात हलवला.

एका परीने सगळ्यांचंच भागलं. पलीकडून ताईंनी साताऱ्यात बसलेला हंस पुण्यात लिहिला. अलीकडून गुरुजींनी पुण्याहून परत आलेला हंस साताऱ्यात लिहिला. लेन्सवाल्यांना दोन्ही जिल्ह्यांतून पार्श्वभाग मिळाला. एक प्रश्न तेवढा राहिला होता, आणि तो म्हशीवाल्याने लावून दिलेला होता. अशी नोंद गेली की ईबर्डचे तपासनीस विचारतात: कसा ओळखलात, पाळीव नाही कशावरून? सर म्हणाले, तोंडाने वाद घालण्यापेक्षा फार्महाऊसवर जाऊन मोजू. शास्त्र म्हणजे शास्त्र.

दुपारी बाराच्या सुमाराला, सगळे पुन्हा एकत्र झाल्यावर, आम्ही फाटकाशी उभे राहिलो. आत हंसांनी कालवा केला. वॉचमन काठी घेऊन आला.

"तुमचे हंस किती आहेत?" सरांनी विचारलं.

"का?"

"सहजच."

वॉचमनने आमचे कपडे बघितले, दुर्बिणी बघितल्या, लेन्स बघून तो एक पाऊल मागे सरला. "सात," तो म्हणाला. आम्ही फाटकाच्या गजांतून मोजले. सातच होते, सगळे पांढरे. "पहिल्यापासून सातच?" "पहिल्यापासून सातच." सरांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं. एकही गेलेला नाही, म्हणजे बाहेरचा तो बाहेरचाच.

तोवर वॉचमनने मालकाला फोन लावला होता. "साहेब, मिल्ट्रीच्या कपड्यातली धा-बारा मानसं आल्यात. हंस मोजत्यात." फोन स्पीकरवर होता. पलीकडून मालक हसत म्हणाले, "मोजू देत की. आठ आहेत म्हणावं. सात पांढरे, एक राखाडी."

वॉचमनने घाईघाईने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून तो पाण्याच्या टाकीमागे गेला. ताईंचं बोट फोनवर अधांतरी राहिलं. लेन्सवाले खाली बसले. सर हंसांकडे बघत राहिले; ते पुन्हा एकदा मोजत असावेत.

गुरुजींनी घसा साफ केला.

"ताई, तुम्ही बेलाशक जंगली लिहा," ते म्हणाले. "परवाच थर्टीफर्स्ट झालाय."